मत्स्यपेटीचा सांधा आणि सिलिकॉनची पारख

घरातील काचेच्या मत्स्यपेटीला पाझर फुटला म्हणजे गृहस्थाचे लक्ष साहजिकच प्रथम पाणी थांबविण्याकडे जाते, आणि मग एम-सीलची लांबी असो, न्हाणीघराच्या फरशांसाठी आणून माळ्यावर ठेवलेली सिलिकॉनची अर्धवट नळी असो, की काचवाल्याने पुडीत बांधून दिलेले कसलेसे लुकण असो, जो जिन्नस हाताशी येईल तो सांध्यावर चोपडून तो मोकळा होतो. पाणी बहुधा थांबतेही. परंतु मत्स्यपेटीच्या बाबतीत पाणी थांबणे ही निम्मीच कामगिरी होय. कारण ज्या द्रव्याने ते थांबले ते द्रव्य पुढची कित्येक वर्षे त्याच पाण्यात बुडून राहावयाचे असते, आणि त्यातून जे काही झिरपेल ते माशांच्या कल्ल्यांवाटे थेट त्यांच्या रक्तात उतरावयाचे असते. सबब चिकटविणारे द्रव्य निवडताना ते किती चिवट आहे याच्याही आधी त्यात काय काय मिसळले आहे, याची चौकशी करणे प्राप्त आहे.

ही चौकशी दुकानदारावर सोपवून भागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘पाण्यात टिकेल असं सिलिकॉन द्या’ असे म्हटले, तर पुष्कळदा फळीवरून पांढऱ्या रंगाची, ‘सॅनिटरी’ अशी ठळक अक्षरे मिरविणारी नळी खाली येते, आणि ‘साहेब, हे खास बाथरूमचंच आहे, वर्षानुवर्षं ओलं राहिलं तरी काळं पडायचं नाही,’ अशी ग्वाहीही सोबत मिळते. ही ग्वाही खोटी नसते, आणि मत्स्यपालकाला धोका आहे तो नेमका तिच्या खरेपणातच. ओलसर भिंतीवरील सिलिकॉनवर साबणाचा मळ साचतो, त्या मळावर बुरशी धरते आणि सांधा काळवंडतो. तो काळवंडू नये म्हणून कारखानदार सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक घालतात. या बुरशीनाशकांपैकी कार्बेन्डाझिम हे नाव नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागायतदारांना नव्याने सांगावयास नको. झिंक पायरिथिऑन हे दुसरे द्रव्य केसांतील कोंड्यावरच्या शांपूंत वापरले गेले आहे खरे, पण जहाजांच्या बुडाला शेवाळ व कालवे चिकटू नयेत म्हणून जे रंग लावतात त्यांतही ते घालतात. आर्सेनिकयुक्त संयुगांचाही या कामी उपयोग झालेला आहे. अथांग समुद्रात जलचरांना दूर ठेवण्यासाठी जे द्रव्य मुद्दाम योजले, ते चार घागरी पाण्यात माशांसोबत कोंडून ठेवल्यास काय होईल, हे सांगण्यास रसायनशास्त्रज्ञ लागत नाही. न्हाणीघरात असे द्रव्य झिरपले तरी मोरीवाटे वाहून जाते. मत्स्यपेटीत मात्र तेच पाणी रात्रंदिवस गाळणीतून फिरत राहते, आणि आठवड्यातून एकदा त्यातील चौथा हिस्सा बदलला तरी उरलेला तीन चतुर्थांश तेथेच असतो.

तेव्हा ‘सॅनिटरी’, ‘अँटी-फंगल’, ‘मिल्ड्यू रेझिस्टंट’, ‘किचन अँड बाथ’ यांपैकी कोणताही शब्द नळीवर दिसला की ती नळी निमूटपणे परत फळीवर जाऊ द्यावी.

खुद्द सिलिकॉनकडे मात्र दोष जात नाही. पूर्ण घट्ट झालेले शुद्ध सिलिकॉन-रबर पाण्याशी, मिठाशी किंवा सौम्य आम्लाशी जवळजवळ कसलाच व्यवहार करीत नाही, आणि म्हणूनच गोड्या पाण्याची व खाऱ्या पाण्याची अशा दोन्ही प्रकारच्या पेट्या त्यानेच सांधतात. त्याच्या आधीची व्यवस्था आठवली म्हणजे त्याचे मोल विशेष कळते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले आणि फिलिप हेन्री गॉस याच्या लेखनाने इंग्रजी घराघरांत मत्स्यपेटीचे वेड शिरले, त्या काळापासून जवळजवळ शंभर वर्षे टाकी म्हणजे लोखंडी चौकट आणि तिच्यात लांबीने बसविलेल्या काचा, असाच प्रकार होता. ही लांबी जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून करीत, आणि ती पाण्यात टिकावी म्हणून तीत शेंदूर किंवा मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचीच संयुगे, घालीत. मुंबईच्या सागरकिनाऱ्यावर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले तेव्हाही हौशी माणसाच्या दिवाणखान्यातील टाकी याच घाटाची असे. चौकट गंजे, लांबी वाळून तडके, आणि टाकी काही दिवस कोरडी राहिली की पुन्हा भरताना हमखास गळे. विसाव्या शतकाच्या आरंभी नॉटिंगहॅमचे प्राध्यापक किपिंग यांनी ज्या संयुगांचा पाया घातला आणि १९४३ नंतर ज्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले, त्या सिलिकॉनांनी १९६० नंतरच्या दशकात चौकटच निकालात काढली. काचेला काच नुसत्या चिकट्याने जोडून त्यात शंभर-सव्वाशे लिटर पाणी उभे करण्याचे धाडस तेव्हापासून साध्य झाले.

बाजारातील सिलिकॉन हवेतील बाष्प शोषून घट्ट होते, आणि घट्ट होताना काहीतरी बाहेर टाकते. काय टाकते यावरून त्याच्या दोन मुख्य जाती पडतात. अ‍ॅसिटॉक्सी जातीचे सिलिकॉन अ‍ॅसेटिक आम्ल सोडते, म्हणजे शिरक्याचाच वास देते, आणि काचेला घट्ट धरण्यात ते सरस ठरते. ‘न्यूट्रल’ जातीचे सिलिकॉन आम्लाऐवजी ऑक्झाइम किंवा अल्कोहोल वर्गातील द्रव्य सोडते. ते धातूला व संगमरवराला खात नाही म्हणून खिडक्या, तावदाने, दर्शनी काचा यांच्या कामी त्याला मागणी असते. मत्स्यपेटीसाठी साधे, पारदर्शक, कोणतेही बुरशीनाशक नसलेले अ‍ॅसिटॉक्सी सिलिकॉन हीच माझी पहिली शिफारस राहील. न्यूट्रल जातीतही माशांना निर्धोक अशी सिलिकॉने आहेत, परंतु कारखानदाराने तसे स्पष्ट लिहून दिल्याखेरीज त्यांच्या वाटेस जाण्याचे सामान्य वाचकास प्रयोजन नाही.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा खुलासा करणे अगत्याचे आहे. ‘शिरक्याचा वास आला की सिलिकॉन माशांना चालते’ असा एक नियम हौशी मंडळींत तोंडोतोंडी फिरत असतो. वासावरून कळते ते इतकेच, की सिलिकॉन अ‍ॅसिटॉक्सी जातीचे आहे. त्यात बुरशीनाशक नाही असे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही, कारण न्हाणीघरासाठी केलेल्या कित्येक नळ्यांनाही हाच वास येतो. ‘१०० टक्के सिलिकॉन’ या छापील शब्दांचीही तीच गत. त्या शब्दांचा आशय असा, की मूळ द्रव्य सिलिकॉनच आहे, त्यात अ‍ॅक्रिलिकची भेसळ नाही किंवा स्वस्ताईसाठी खनिज तेल ओतलेले नाही. ही हमी उपयोगाची आहे, कारण तेल घातलेले सिलिकॉन कालांतराने आकसते आणि सांधा सोडू लागते. तथापि शेकडा अंशभर प्रमाणात घातलेल्या औषधाविषयी ती हमी मूग गिळून असते.

मग भरवसा ठेवावा तो कशावर? उत्तम पक्ष म्हणजे ज्या नळीवर ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द वापराच्या यादीत स्वच्छ छापलेला आहे, ती घ्यावी. किंमत थोडी अधिक पडते, पण एका नळीच्या किमतीतील तो फरक माशांच्या किमतीपुढे क्षुल्लक आहे. तशी नळी गावात मिळत नसेल तर ‘जीपी’ म्हणजे सर्वसाधारण उपयोगाची अ‍ॅसिटॉक्सी नळी विचारात घ्यावी, आणि त्या मालाचे सुरक्षापत्र कारखानदाराच्या संकेतस्थळावरून उतरवून वाचावे. हे दस्तऐवज रूक्ष असतात, परंतु त्यांची कलमे ठरलेली असतात, आणि तिसऱ्या कलमात घटकद्रव्यांचा तपशील दिलेला असतो. तेथे वर सांगितलेल्यांपैकी एखादे नाव किंवा ‘आयसोथायाझोलिनोन’ अशा शेपटाचे एखादे लांबलचक नाव आढळले, अथवा बाराव्या कलमात जलचरांना विषारी असल्याचा शेरा दिसला, की विषय संपला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा १७७.२६०० हा नियम, जो अन्नाशी वारंवार संपर्क येणाऱ्या रबरी वस्तूंना लागू आहे, त्याचा दाखला माहितीपत्रकात असेल तर ते चिन्ह बरे समजावे. काही कारखानदार निर्दोष सिलिकॉनवरही ‘मत्स्यपेटीसाठी वापरू नये’ अशी सूचना छापतात. तीत विषाची कबुली असतेच असे नाही, काच फुटून कोणी दावा लावील या भयानेही ती छापली जाते. परंतु त्यामागील हेतू कोणता हे आपणास नळीवरून कळत नाही, तेव्हा दुसरी नळी मिळत असताना त्या सूचनेचा भंग करण्यात शहाणपण नाही.

जात ठरली तरी नळीवरील तारीख पाहावयाची राहतेच, आणि माझ्या मते आपल्याकडे याच बाबतीत सर्वांत अधिक हयगय होते. सिलिकॉनच्या नळीची मुदत सामान्यतः वर्षभराच्या आसपास असते. उन्हाने तापणाऱ्या दुकानात मागच्या फळीवर पडून राहिलेली नळी मुदतीच्या आतही बिघडू शकते. मुदत सरलेले सिलिकॉन बाहेर येताना अगदी ताज्यासारखे येते, वरून साय धरल्यासारखेही दिसते, पण आतून आठवडा गेला तरी चिकट राहते. म्हणून टाकीला हात लावण्यापूर्वी काचेच्या एखाद्या स्वच्छ तुकड्यावर करंगळीएवढ्या लांबीची एक रेघ ओढून ठेवावी आणि दोन दिवसांनी तिचे टोक ब्लेडने उचलून ओढून पाहावे. चांगले सिलिकॉन रबरासारखे ताणले जाते, काच सोडण्यास कुरकुरते, आणि शेवटी स्वतः तुटते. तुटल्यावर काचेवर त्याचा पातळ पापुद्रा शिल्लक राहतो. जी रेघ साऱ्या लांबीची सालपटासारखी अलगद निघून येते आणि मागे काच लख्ख ठेवते, ती नळी कितीही नामांकित कारखान्याची असली तरी केराच्या टोपलीत जावी.

इतकी कसोशी का, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्याजोगा आहे. ९० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ४५ उंच अशी मध्यम टाकी काठोकाठ भरली तर तीत सुमारे १२० लिटर पाणी मावते, आणि तिच्या एकट्या दर्शनी काचेला ते पाणी जवळजवळ ९० किलो वजनाच्या जोराने बाहेर रेटीत असते. हा रेटा टाकीच्या रुंदीवर अवलंबून नसून पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो, तोही वर्गाच्या प्रमाणात; उंची निम्मी केली तर रेटा चौथ्या हिश्शावर येतो. एवढा भार वर्षानुवर्षे पेलतो तो दोन काचांच्या मधला दोन-तीन मिलिमीटर जाडीचा सिलिकॉनचा थर. आतल्या कोपऱ्यात दिसणारी गोलसर पट्टी मुख्यतः त्या थराचे रक्षण करते. भरलेल्या टाकीची काच किंचित फुगते, तापमानाबरोबर हलते, आणि सिलिकॉन तिच्याबरोबर लवते. एम-सील किंवा दोन नळ्यांचे इपॉक्सी योग्य प्रमाणात मळले तर घट्ट झाल्यावर बहुधा निरुपद्रवी असते, पण ते लवत नाही. सांध्यावर लावलेली त्याची पुटे आज ना उद्या काचेपासून सुटतात. फेविक्विकच्या जातीचे सायनोअ‍ॅक्रिलेट पाणवनस्पती दगडाला चिकटविण्यास उत्तम, सांध्याला निरुपयोगी. रंगाऱ्यांची अ‍ॅक्रिलिक लांबी सतत पाण्यात राहिली की भिजून मऊ पडते. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकची टाकी असेल तर मात्र सिलिकॉनचाच उपयोग नाही, कारण ते अ‍ॅक्रिलिकला मनापासून धरत नाही. तेथे अ‍ॅक्रिलिक विरघळवून जोडणारा द्रावक लागतो. अंगणातील सिमेंटच्या हौदालाही अ‍ॅसिटॉक्सी सिलिकॉन लावू नये. सिमेंटचा क्षार आणि सिलिकॉनचे आम्ल यांचे जमत नाही. तांब्या-पितळेच्या जोडणीजवळही ते नको, कारण आम्लाने तांबे गंजते आणि तांब्याचे क्षार कोळंबी-गोगलगायींना तर प्राणघातकच होत.

जुनी टाकी दुरुस्त करताना बाहेरून ठिगळ लावण्याचा मोह होतो, कारण त्यासाठी टाकी रिकामी करावी लागत नाही. पण बाहेरच्या ठिगळाला पाणी आतून ढकलीत असते, आणि ते ठिगळ अखेर हार खाते. काम आतूनच केले पाहिजे. दुसरी अडचण अशी, की नवे सिलिकॉन घट्ट झालेल्या जुन्या सिलिकॉनला धड चिकटत नाही. तेव्हा गळणाऱ्या जागेपुरती पट्टी न काढता आतली सारी पट्टी एका धारेच्या ब्लेडने खरवडून काढावी, मात्र ब्लेड दोन काचांच्या मधल्या थरात शिरू देऊ नये. खरवडल्यावर काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा अ‍ॅसिटोनने धूत फडक्याने दोनदा पुसावी, आणि त्यानंतर तिला बोट लावू नये. बोटाच्या तेलकटपणानेही पकड कमी होते. फरशी बसविणारे कारागीर सिलिकॉन गुळगुळीत करण्यासाठी साबणाच्या पाण्यात बोट बुडवितात. मत्स्यपेटीत ही रीत दोन्ही परींनी वाईट, साबणाने सांधा धरत नाही आणि साबण माशांना मानवत नाही. दोन्ही बाजूंस मास्किंग टेप लावून, हातमोज्यातील कोरड्या बोटाने एका दमात पट्टी ओढावी आणि साय धरण्याच्या आत टेप काढून घ्यावी. वर सांगितलेल्या मापाच्या टाकीची आतली पट्टी नव्याने घालण्यास २८० मिलिलिटरची एक नळी भरपूर होते. काळे की पारदर्शक हा प्रश्न रुचीचा आहे. काळ्या सिलिकॉनमध्ये शेवाळाची हिरवी कड दिसत नाही, एवढा त्याचा फायदा.

हवेचा परिणाम आपल्या अपेक्षेच्या उलट असतो. सिलिकॉनला घट्ट होण्यास बाष्प लागते, म्हणून कोकणात आषाढात ते झपाट्याने आळते आणि विदर्भात वैशाखाच्या कोरड्या झळांत रेंगाळते. पावसाळ्यात दहा मिनिटांतच साय धरू लागते, तेव्हा एका वेळी एकच कोपरा हाती घ्यावा. मात्र काचेवर दव साचलेले असता कामा नये. घट्ट होण्याची क्रिया बाहेरून आत जाते आणि दिवसाला साधारणपणे दोन ते तीन मिलिमीटर एवढीच मजल मारते. आतली पट्टी घातली असेल तर तीन दिवस, आणि काचा नव्याने जोडून टाकी उभी केली असेल तर आठवडाभर तिला हात लावू नये. पेटीत नाक घालून हुंगल्यावर शिरक्याचा वास येत असेल तर मुदत संपली असे कॅलेंडर सांगत असले तरी थांबावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पिंजऱ्यात पोपट असल्यास तो दुसऱ्या खोलीत न्यावा.

या सबुरीचे कारण मुंबईकर वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे. तानसा-वैतरणा-भातसा येथून येणारे पाणी मऊ आहे, त्यात आम्ल जिरवून घेणारा क्षारांश थोडा. कच्च्या सिलिकॉनमधून अ‍ॅसेटिक आम्ल सुटले तर अशा पाण्याची आम्लता झटकन वाढते आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. दख्खनच्या विहिरीच्या जड पाण्यात तेवढेच आम्ल कदाचित जिरून जाईल. अशी लक्षणे दिसली तर औषधे शोधीत न बसता मासे त्याच क्षणी दुसऱ्या भांड्यात हलवावेत आणि टाकी पुन्हा रिकामी करून वाळू द्यावी.

दुरुस्तीच्या काळात माशांची तजवीज साबणाचा स्पर्श न झालेल्या प्लास्टिकच्या पिंपात, जुन्याच पाण्यात, हवेचा पंप लावून करावी, आणि गाळणीचा स्पंज तेथेच चालू ठेवावा. तो वाळला तर त्यातील उपयुक्त जंतू मरतात आणि पुढील त्रास सिलिकॉनच्या माथी मारला जातो. टाकी तयार झाल्यावर ती प्रथम न्हाणीघरात किंवा गच्चीवर, खाली वर्तमानपत्राचे कागद अंथरून, सपाट फळीवर ठेवावी, आधी तृतीयांश, काही तासांनी दोन तृतीयांश, मग पूर्ण भरावी, आणि रात्रभर तशीच सोडावी. सकाळी कागदावर ओलीचा डाग कोणत्या कोपऱ्याखाली आहे ते पाहिल्याने, काचेवर उगाच बोटे फिरविण्यापेक्षा अधिक कळते. डाग नसेल तर ते पाणी ओतून टाकावे, टाकी साध्या पाण्याने एकदा विसळावी आणि मगच माशांसाठी भरावी.

नळीत उरलेले सिलिकॉन तोंडाशी थोडे बाहेर काढून तसेच सोडले की त्याचेच बूच तयार होते. वर उघडल्याची तारीख आणि ‘मत्स्यपेटी’ हा शब्द मार्करने लिहून ठेवावा, नाहीतर पुढच्या खेपेस प्लंबर ती नळी घेऊन जाईल आणि स्वतःची अर्धवट सॅनिटरी नळी तिच्या जागी ठेवून जाईल.